मिनीबसमधील फिरत्या घराची पहिली चाचणी: शनिवार-रविवारी नाशिकजवळ कोठे मुक्काम करावा?

पाथर्डीफाटा (प्रश्न)

एका कारखान्यातील कामगारांची ने-आण करणारी जुनी मिनीबस आम्ही विकत घेतली आणि अंबडमधील एका बॉडी बांधणाऱ्या वर्कशॉपमध्ये तिचे फिरते घर करून घेतले आहे. मागे आडवा दुहेरी पलंग, त्यापुढे एकावर एक दोन बर्थ, उजव्या अंगाला ओटा आणि सिंक, दारालगत कॅसेटचे (मैल्याची टाकी काढून नेता येणारे) लहान शौचालय आणि चालकाच्या मागे पट्टे असलेली चार आसने अशी रचना आहे. टपावर दोनशे लिटरची पाण्याची टाकी आणि एकूण ३३० वॅटची सौर पॅनेल आहेत. पलंगाखाली १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आणि आपल्या घरी असतो तसाच इन्व्हर्टर बसवला आहे. बारा व्होल्टचा लहान फ्रीज, चार पंखे, दिवे आणि पाण्याची मोटर एवढाच विजेचा खर्च आहे. स्वयंपाकासाठी दोन बर्नरची शेगडी आणि पाच किलोचा सिलिंडर आहे.

नाताळच्या सुट्टीत पुणे-कोल्हापूरमार्गे घाट उतरून तारकर्लीला जाण्याचा आमचा विचार आहे. त्यापूर्वी, नोव्हेंबरअखेरच्या एका शनिवार-रविवारी, जवळपास कोठेतरी मुक्काम करून गाडीची चाचणी घ्यावी असे ठरले; परंतु कोठे जावे यावर घरात एकमत नाही. पत्नीला गंगापूर धरणाचा परिसर बरा वाटतो, मुलांना भंडारदऱ्याला जायचे आहे, आणि मला दिंडोरी तालुक्यातील एका मित्राचा द्राक्षांचा मळा सोयीचा वाटतो, कारण तेथे कोणाची परवानगी मागत फिरावे लागणार नाही. आम्ही दोघे, शाळेत जाणारी दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेली आई असे पाच जण आहोत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला चाचणीच्या वेळीच न्यावे की थेट कोकणात न्यावे, हाही प्रश्न आहे. जागेविषयी आणि चाचणीत नेमके काय पाहावे याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. माझ्याकडे हलक्या वाहनाचाच परवाना आहे. त्यावर ही गाडी चालविता येईल का, हेही सांगावे.

देवळालीकर

मित्राचा मळाच निवडावा. गाडी बंद पडली तर द्वारका किंवा आडगाव नाक्यावरून मेकॅनिक त्याच दिवशी येऊन काम करून जाईल, इतक्या अंतरावरच पहिला मुक्काम असावा. देखावा कसा आहे हा विचार दुसऱ्या सहलीसाठी राखून ठेवावा.

निघण्यापूर्वीचे सर्वांत महत्त्वाचे काम वजनाचे आहे, आणि नेमके तेच बहुतेक लोक टाळतात. कोकणात जे जे न्यायचे आहे ते सर्व, म्हणजे पाणी, पूर्ण टाकी डिझेल, सिलिंडर, गाद्या, भांडी आणि कपडे, गाडीत भरावे, पाचही जणांनी बसावे आणि गाडी वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन करावे, नंतर पूर्ण गाडीचे करावे; वजाबाकी केली की मागच्या आसावर (ॲक्सलवर) किती भार येतो ते समजते. एकूण आकडा आरसीतील (नोंदणी प्रमाणपत्रातील) भारवजनाच्या, म्हणजे माणसे-सामानासह मान्य एकूण वजनाच्या, आत असला तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. आपला पलंग आणि बॅटऱ्या मागच्या चाकांच्याही मागे असतील, तर त्या भाराने गाडीचे नाक उचलले जाते, पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि घाटात स्टिअरिंग हलके लागू लागते. कामगार वाहून नेताना भार संपूर्ण लांबीवर सारखा पसरलेला होता, मूळ पाटे (स्प्रिंगा) त्याच हिशेबाने बसवलेले आहेत, आणि बॉडी बांधणारा ओटा कोठे शोभेल ते पाहतो, आसावर किती भार पडेल ते पाहत नाही.

टपावरील टाकीबद्दल मला स्पष्टच लिहावेसे वाटते. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, आणि ते सर्वांत उंच जागी ठेवून वळणे घेणे म्हणजे डोक्यावर भरलेला हंडा घेऊन निसरड्या पायऱ्या उतरण्यासारखे आहे. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षाही अधिक त्रास देते, कारण वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि गाडी सावरायच्या वेळी उलट दिशेने परत येते. टाकीच्या आत आडव्या पट्ट्या आहेत की नाहीत ते विचारून घ्यावे. मोटर आहेच, तेव्हा ही टाकी केव्हातरी फरशीखाली, दोन आसांच्या मधे आणणे उत्तम. वजनकाट्यावर ती भरलेली असावी. मात्र चाचणीच्या रस्त्यावर, आणि विशेषतः घाटात, ती रिकामी ठेवून पाणी कॅनमध्ये भरावे व कॅन खाली बांधून न्यावेत.

टायरच्या बाजूवर चार अंक असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. ३२१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातील आहे. कारखान्याच्या जुन्या गाड्यांच्या टायरची नक्षी पुष्कळदा शिल्लक असते, पण रबर म्हातारे झालेले असते. स्टेपनीसुद्धा पाहावी.

शनिवारी थेट मळ्यावर न जाता पेठ रस्त्याने सावळघाटापर्यंत जाऊन यावे. रिकामी बस चालवण्याची सवय भरलेल्या बसला उपयोगी पडत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, न्यूट्रल करून गाडी सोडू नये, आणि उतार संपल्यावर सुरक्षित जागी थांबून चाकांजवळ जळका वास येतो का ते पाहावे. एखादेच चाक इतर चाकांपेक्षा फार गरम लागत असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहतो आहे, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय कोकणाचा विचार करू नये. मुलांना चालत्या गाडीत बर्थवर झोपू देऊ नये. पट्टा लावून आसनावर बसणे हाच नियम पहिल्या दिवसापासून असावा.

मळ्यात शिरण्याआधी पायी जाऊन रस्ता पाहून यावा. शिवाररस्त्यावर विजेच्या तारा लोंबलेल्या असतात, आणि पॅनेल व टाकी धरून आपल्या गाडीची उंची मूळ बसपेक्षा वाढलेली आहे. ती मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवावी. काळ्या मातीत गाडी उभी करू नये. नोव्हेंबरातही आपल्याकडे अवकाळी पाऊस येतो आणि एका सरीनंतर मिनीबस ट्रॅक्टरशिवाय बाहेर निघत नाही. मुरमाचे खळे किंवा पॅकिंग शेडपुढील जागा मिळाली तर तेथे, तोंड रस्त्याकडे करून, चाकांना लाकडी गुटके लावून गाडी उभी करावी.

सातपूरचा वायरमन

वजनाबद्दल वर लिहिले गेले आहे, मी विजेपुरते लिहितो. दोन बॅटऱ्यांचा हिशेब कागदावर बारा गुणिले तीनशे, म्हणजे ३६०० वॅट-तास होतो. परंतु ट्यूब्युलरसारखी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक वापरली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हातात १८०० वॅट-तास आहेत असे समजावे. वीस वॅटचे चार पंखे आठ तास चालले तर ६४० वॅट-तास जातात, लहान कॉम्प्रेसर फ्रीजचे दिवसाला साधारण ५०० धरावेत, दिवे, मोटर आणि मोबाइल मिळून दीडशे. हे सर्व तेराशेच्या आसपास येते. हिवाळ्यातील निरभ्र दिवशी आडवी बसवलेली ३३० वॅटची पॅनेल अंदाजे हजार-बाराशे वॅट-तास परत देतील. म्हणजे थोडीशी तूट सोडली तर गणित जुळते.

ते प्रत्यक्षात बिघडते इन्व्हर्टरमुळे. घरगुती इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता सुरू असला तरी सतत वीज खातो, आणि वीस वॅट जरी धरले तरी चोवीस तासांत ते ४८० वॅट-तास, म्हणजे आपल्या फ्रीजएवढेच होतात. फ्रीज बारा व्होल्टचा आहे. पंखे आणि दिवेही थेट बॅटरीवर चालणारे असतील तर इन्व्हर्टर बंदच ठेवावा. ते २३० व्होल्टचे असतील तर चाचणीनंतर सर्वप्रथम ते बदलून घ्यावेत. बॅटरीचा व्होल्टेज रात्री झोपताना आणि पहाटे उठल्यावर वहीत लिहावा, आणि पहाटेचे वाचन घेताना फ्रीज थोडा वेळ बंद ठेवावा, कारण भार चालू असताना मीटर कमी आकडा दाखवतो. शनिवारी दिवसभर गाडी झाडाखाली उभी राहिली तर पॅनेलची चाचणी झालीच नाही असे समजावे.

पलंगाखालील बॅटऱ्यांची जागा मला पटलेली नाही. ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. त्या बंद खोक्यात असतील तर खोक्याच्या वरच्या बाजूने थेट गाडीबाहेर जाणारी नळी हवी. गॅसचे नेमके उलट आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो फरशीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवे आणि तो कप्पा इन्व्हर्टरपासून दूर हवा. साबणाच्या पाण्याने नळीचे सर्व सांधे तपासावेत, आणि घाटातून परत आल्यावर पुन्हा तपासावेत, कारण हादऱ्यांनी सैल होणारे सांधे पहिल्या तपासणीत सापडत नाहीत.

मळ्यावरून वीज घेण्याचा मोह होईल. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडीला वीज देणे नियमात बसत नाही. घराच्या जोडणीवरून घ्यायची असेल तर गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग हवे. रबरी टायरांवर उभ्या असलेल्या लोखंडी बॉडीत वीज उतरली तर फ्यूज उडत नाही. ती जमिनीवर उभ्या राहून दाराची दांडी धरणाऱ्या माणसामधून जाते. पहिल्या चाचणीत बाहेरची वीज घेऊच नये, म्हणजे बॅटऱ्यांचाही खरा अंदाज येईल.

सावरकरनगर

माझ्या मते आपल्या आईंना चाचणीतून वगळणे योग्य होणार नाही, परंतु त्यांना मळ्यावर नेण्याचीही गरज नाही. शुक्रवारची रात्र आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत काढा आणि त्या रात्री त्यांना सोबत घ्या. बसची पहिली पायरी उंच असते. ती चढताना त्यांचा हात कोठे जातो ते पाहा आणि नेमकी तेथेच दांडी बसवून घ्या. खाली ठेवायचे लाकडी पाऊल रुंद आणि न डगमगणारे हवे. रात्री त्यांना शौचालयात जाण्यासाठी कोणाच्या अंगावरून जावे लागते का, आत वळायला जागा पुरते का, दिवा कोठे लावायचा हे अंधारात सापडते का, या गोष्टी त्याच रात्री कळतील. आणि मध्यरात्री अगदीच अवघडल्यासारखे झाले तर त्या लिफ्टने वर घरी जाऊन झोपू शकतील. ही सोय तारकर्लीला नसेल.

पाण्याचा हिशेब मी करून पाहिला. दोनशे लिटर पाणी पाच जणांना दोन दिवस पुरवायचे तर दर माणशी रोज वीस लिटर येते, आणि एक बादलीची आंघोळ त्यातील बहुतेक संपवते. पिण्याचे पाणी वेगळे न्यावे आणि टाकीचे पाणी कशाला किती लागते याची नोंद ठेवावी. चाचणीच्या दोन दिवसांत टाकी मधेच भरू नये. पाणी संपले तर संपू द्यावे, म्हणजे कोकणात किती दिवसांनी नळ शोधावा लागेल ते कळेल. तसेच मिसळ खायला बाहेर जाण्याचा मोह आवरावा (नाशिकच्या माणसाला रविवारी सकाळी हे कठीण आहे याची मला कल्पना आहे), कारण स्वयंपाकघर वापरले नाही तर त्यातील अडचणी दिसणार नाहीत. एक संपूर्ण जेवण आत करावेच. मिरचीची फोडणी दिल्यावर तिचा ठसका पलंगावरील गाद्यांपर्यंत जातो, आणि वासाची धुवून न निघणारी सर्वांत मोठी जागा गाद्याच असतात. एक्झॉस्ट पंखा नसेल तर फोडणी, मासे आणि भाकरी यांसाठी दुसरी शेगडी बाहेर मांडण्याची सवय करावी लागेल. भाकरी थापायला ओट्यावर परात मावते का, हेही निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

नोव्हेंबरअखेर आपल्याकडे थंडी वाढलेली असते, आणि निफाड-दिंडोरीकडे शहरापेक्षा अधिकच. खिडक्या बंद करून चौघे-पाच जण झोपले की श्वासातील ओल टपाच्या उघड्या पत्र्यावर जमते आणि पहाटे वरच्या बर्थवर टपकू लागते. दोन खिडक्या समोरासमोर थोड्या उघड्या ठेवून जाळ्या लावाव्यात. टपाला आतून उष्णतारोधक थर न देता नुसते प्लायवूड ठोकले असेल, तर ते पहिल्याच हिवाळ्यात फुगेल. पहाटे हात लावून पाहावे. ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी, विझत आलेली असली तरी, गाडीत आणू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही.

गंगापूर धरणाविषयी एकच सांगते. शहराच्या नळांना येणारे पाणी तेथूनच येते. सिंकचे सांडपाणी त्या काठावर सोडणे म्हणजे ते आपल्याच हंड्यात सोडणे होय, आणि धरणाच्या हद्दीत गाडी लावून मुक्काम करू देतीलच असेही नाही. तेथेच जायचे असेल तर काठावर न थांबता एमटीडीसीच्या ग्रेप पार्कमध्ये आधी चौकशी करावी. मळ्यातही सांडपाणी बादलीत धरून मित्र सांगेल तेथे टाकावे, आणि शौचालयाची कॅसेट घरी आणून घरच्याच शौचालयात रिकामी करावी.

घोटीवाला

वरील सर्वांचा सावधपणा मान्य करूनही मला वाटते की भंडारदरा इतक्या सहज बाद करू नये. महामार्गाने घोटीपर्यंत आणि तेथून बारीमार्गे भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावाला जाताना मोठा रस्ता, अरुंद रस्ता, चढ, उतार आणि वळणे हे सर्व एकाच प्रवासात मिळते. कोकणात जायचे तर हीच खरी चाचणी आहे. मुलांनाही घराजवळच्या पार्किंगमध्ये झोपून फिरत्या घराचे कौतुक किती वाटणार?

देवळालीकर

रस्त्याबद्दलचे आपले म्हणणे बरोबर आहे. माझी अडचण मुक्कामाच्या जागेची आहे. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, वाटेल तेथे गाडी लावता येत नाही, आणि शनिवारी रात्री काठावर तंबूंची व गाण्यांची इतकी गर्दी असते की आपली मोटर आवाज करते आहे की शेजारच्याचा जनरेटर, हेही कळत नाही. रस्ता तपासण्यासाठी सावळघाट पुरेसा आहे. मुलांची समजूत काढण्यासाठी भंडारदऱ्याची दुसरी सहल जानेवारीसाठी कबूल करून टाकावी.

पेठनाका

परवान्याच्या प्रश्नाकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. आरसीतील एकूण भारवजन ७५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना चालतो. प्रवासी वाहतुकीच्या वाहनांबाबतही हेच लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. भारवजन त्यापेक्षा अधिक असेल तर चाचणीसाठीसुद्धा योग्य परवान्याचा चालक घ्यावा.

याहून गंभीर गोष्ट नोंदणीची आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार बांधणीत असा बदल केल्यास त्याची नोंद आरसीवर व्हावी लागते, आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. आपली आरसी अजून कामगार वाहतुकीच्या बसचीच असेल, तर वर्कशॉपने दिलेल्या बिलाला परिवहन कार्यालयात काही किंमत नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी प्रथम तेच कागद मागेल. जागेचा वाद मिटवण्यापूर्वी पेठ रस्त्यावरील कार्यालयात जाऊन यावे.

पाथर्डीफाटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आरसी तपासली, भारवजन मर्यादेच्या आत आहे, परंतु बदलाची नोंद झालेली नाही. वर्कशॉपवाले ती "नंतर करून देऊ" असे सांगत होते. सोमवारी मी स्वतः कार्यालयात जाणार आहे आणि नोंद होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढणार नाही. त्यामुळे सावळघाट आणि मळा हे दोन्ही पुढे ढकलले आहेत. पण शुक्रवारची पार्किंगमधील रात्र ठरल्याप्रमाणे काढू, कारण तीत गाडी जागची हलवावी लागत नाही. पायरीची दांडी आई स्वतः दाखवील तेथेच बसवायची असे ठरले आहे. बॅटऱ्यांच्या खोक्याला नळी नव्हती, ती बसवून घेत आहोत. टाकी खाली आणण्याचा खर्च वर्कशॉपने बराच सांगितला आहे, तेव्हा तूर्त कॅनवरच भागवावे लागेल.

मळ्यावर जाण्याची वेळ येईल तेव्हा कदाचित डिसेंबरचा मध्य उजाडलेला असेल. त्या दिवसांत बागेशेजारी झोपण्यात आणखी काही अडचण आहे का?

देवळालीकर

दोन आहेत. डिसेंबरात बागांवर औषधांची फवारणी चालू असते आणि ढगाळ हवा आली की ती अवेळीही करावी लागते. ब्लोअरचा फवारा वाऱ्याबरोबर बराच लांब जातो. मित्राला फवारणीचे दिवस विचारून घ्यावेत, गाडी बागेच्या वाऱ्याकडील अंगाला, म्हणजे वारा गाडीकडून बागेकडे जाईल अशी, उभी करावी आणि पाण्याचे कॅन झाकून आत ठेवावेत. दुसरी अडचण बिबट्याची. दिंडोरी-निफाड पट्ट्यात, विशेषतः उसाच्या आसपास, तो असतोच. अंधार पडल्यावर मुलांना गाडीपासून दूर जाऊ देऊ नये, खरकटे बाहेर ठेवू नये, कारण त्याच्या मागे कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या, आणि दाराबाहेर एक दिवा रात्रभर चालू ठेवावा. नऊ वॅटचा दिवा बारा तास चालला तर १०८ वॅट-तास होतात. ते वायरमनांच्या हिशेबात मिळवून घ्यावेत.